टक्क्यांत न सापडणारी चोरी

ऑगस्ट १९८७. कॅनडातल्या कॅल्गरी शहरात डेव्होनियन कालखंडाच्या अभ्यासकांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. डेव्होनियन म्हणजे सुमारे ४२ ते ३६ कोटी वर्षांपूर्वीचा काळ. ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाचे भूशास्त्रज्ञ जॉन टॅलेंट बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जीवाश्मांची छायाचित्रं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. हिमालयात सापडले म्हणून प्रसिद्ध झालेले काही जीवाश्म आणि मोरोक्कोच्या वाळवंटात सापडणारे जीवाश्म यांत काडीचाही फरक नाही, हे ते दाखवत होते. ज्यांनी हे जीवाश्म हिमालयातले म्हणून छापले होते, ते चंडीगडच्या पंजाब विद्यापीठाचे प्राध्यापक विश्वजित गुप्ता त्या वेळी सभागृहातच बसलेले होते.

गुप्ता हे त्या क्षेत्रातलं मोठं नाव होतं. वीस-पंचवीस वर्षांत तीनशेहून अधिक शोधनिबंध त्यांच्या नावावर जमा झाले होते. हिमालयातल्या प्राचीन खडकांचं वय ठरवू पाहणाऱ्या कुणालाही त्यांचे निबंध ओलांडून पुढे जाता येत नसे. त्यांच्या सहलेखकांमध्ये युरोप-अमेरिकेतले नाणावलेले अभ्यासक होते.

या जीवाश्मांना एवढं महत्त्व का, हे समजून घ्यायला हवं. हिमालयातले बरेचसे थर हे एके काळी टेथिस नावाच्या समुद्राच्या तळाशी साचलेल्या गाळाचे आहेत. कोणता थर कोणत्या काळातला, हे त्यात सापडणाऱ्या जीवाश्मांवरून ठरतं. कोनोडॉन्ट हा त्यातला फार भरवशाचा पुरावा. वाम माशासारख्या लांबट सागरी प्राण्यांचे हे दातासारखे अवयव, बहुतेक एक मिलिमीटरहूनही लहान. चुनखडीचा दगड सौम्य आम्लात विरघळवला की ते तळाशी उरतात आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक निवडून काढावे लागतात. खडक जमिनीत खोल तापला असेल तर कोनोडॉन्टचा रंग पिवळसरवरून तपकिरी आणि पुढे काळा होत जातो, म्हणजे त्या थराचा पूर्वेतिहासही त्यातून वाचता येतो. असा एक कण चुकीच्या ठिकाणचा म्हणून नोंदला गेला, तर त्या थराचं वय चुकतं, कोणत्या काळी कुठे समुद्र होता याचा नकाशा चुकतो आणि त्या नकाशावर विसंबून पुढे काम करणारा प्रत्येक जण चुकतो.

टॅलेंट स्वतः हिमालयात फिरलेले होते. त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले खडक आणि गुप्तांच्या निबंधांतली वर्णनं यांचा मेळ बसत नव्हता. मग त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन एकेक निबंध काढून तपासायला घेतला. एकाच जीवाश्माचं छायाचित्र वेगवेगळ्या निबंधांत, एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणांच्या नावावर छापलेलं होतं. नमुना नेमका कुठे मिळाला याच्या नोंदी इतक्या मोघम होत्या की दुसऱ्या कुणाला तिथे जाऊन पडताळा घेणंच अशक्य व्हावं. काही कोनोडॉन्ट अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲम्सडेल क्रीक नावाच्या ओढ्याच्या परिसरातल्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. मोरोक्कोचे जीवाश्म तर युरोपातल्या दुकानांत कुणालाही विकत घेता येत होते.

२० एप्रिल १९८९ च्या ‘नेचर’मध्ये टॅलेंट यांचा लेख आला आणि प्रकरण जगभर गाजलं. गुप्तांनी आरोप फेटाळले. नमुने विश्वासाने हाती घेऊन प्रामाणिकपणे त्यांची ओळख पटवणाऱ्या सहलेखकांची मात्र पुरती कोंडी झाली. फिलिप जाँव्हिए या फ्रेंच सहलेखकाने ‘नेचर’मध्येच विश्वासाला तडा गेल्याचं लिहिलं. पंजाब विद्यापीठाने चौकशी नेमली, काही काळ निलंबनही झालं, चौकशीत गुप्ता दोषी ठरले. पण त्यांची नोकरी गेली नाही. निवृत्तीपर्यंत ते विद्यापीठातच राहिले.

आता एक प्रश्न विचारून पाहू. हे तीनशे निबंध आजच्या एखाद्या साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढले असते तर काय झालं असतं? बहुतेकांना हिरवा कंदील मिळाला असता. वाक्यं जुळणं-न जुळणं हा तिथे मुद्दाच नव्हता. खोटे होते ते दगड. ती लबाडी उघड झाली, कारण एका माणसाने तेच डोंगर पायांखाली घातले होते आणि तो निबंध शेवटपर्यंत वाचत होता.

चोरी कशाकशाची?

संशोधनातले गंभीर अपराध जगभर तीन गटांत मांडले जातात. पहिला गट बनावटीचा: जो प्रयोग झालाच नाही त्याचे आकडे देणं, जो शेतकरी भेटलाच नाही त्याची प्रश्नावली भरणं. दुसरा फेरफाराचा: हाती आलेले आकडे किंवा छायाचित्रं आपल्याला हव्या त्या निष्कर्षाकडे वळवणं, गैरसोयीची निरीक्षणं गुपचूप वगळणं. तिसरा वाङ्मयचौर्याचा: दुसऱ्याचे शब्द, कल्पना, मांडणी किंवा माहिती त्याचा उल्लेख न करता आपली म्हणून खपवणं.

आपल्याकडे बोभाटा होतो तो बहुधा तिसऱ्या गटाचा, आणि त्यातही फक्त शब्दांच्या नकलेचा. पण चोरीला शब्द जसेच्या तसे लागतातच असं नाही. समजा, एखाद्या अभ्यासकाने गावोगाव हिंडून, जुनी हजेरीपत्रकं तपासून असा निष्कर्ष काढला: ‘१९७२ च्या दुष्काळात रोजगाराच्या सरकारी कामांमुळे या गावांतल्या लोकांचं शहराकडे जाणं थांबलं.’ दुसऱ्याने त्याचं नाव न घेता लिहिलं: ‘बहात्तर सालच्या अवर्षणात शासनाने सुरू केलेल्या मजुरीमुळे ह्या खेड्यांमधून होणाऱ्या स्थलांतरास आळा बसला.’ या दोन वाक्यांत सलग चार शब्दही सारखे नाहीत. सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसणार नाही. पण गावोगाव हिंडण्याचे, दप्तरं चाळण्याचे श्रम ज्याचे होते त्याचं नाव पुसलं गेलं, आणि हीच खरी चोरी आहे. हेच दुसरं वाक्य मूळ अभ्यासकाचं नाव आणि पृष्ठक्रमांक देऊन लिहिलं असतं तर त्यात काहीच गैर नव्हतं.

भाषांतरातून होणारी चोरी मराठीत विशेष सोपी आहे. इंग्रजी ग्रंथातलं प्रकरण मराठीत उतरवून स्वतःच्या प्रबंधात घातलं, तर एकाच भाषेतला मजकूर ताडून पाहणारी यंत्रणा ते पकडू शकत नाही. त्यात आणखी एक तांत्रिक अडचण आहे. मराठीतले कित्येक जुने प्रबंध युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टांत टाइप केलेले आहेत, कित्येकांची पानं नुसती स्कॅन करून चढवलेली आहेत. पडद्यावर आपल्याला स्वच्छ मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी पहिल्या प्रकारात ती निरर्थक अक्षरांची रांग असते आणि दुसऱ्या प्रकारात नुसतं चित्र. अशा प्रबंधातलं अख्खं प्रकरण उचललं तरी अहवालात साम्य शून्याच्या आसपास येऊ शकतं.

याशिवाय काही प्रकार असे आहेत की ते करणाऱ्यांना त्यात चूक वाटेनाशी झाली आहे. विभागप्रमुखांचं किंवा मार्गदर्शकांचं नाव, त्यांनी निबंधाला हातही लावलेला नसताना, लेखकांच्या यादीत घालणं. एकाच कामाचे तुकडे पाडून चार निबंध करणं. आपलाच जुना निबंध नवं शीर्षक देऊन पुन्हा छापणं. यातल्या प्रत्येक गोष्टीत वाचकाची फसवणूक होते, कारण काम कुणी केलं आणि ते किती नवं आहे, या दोन्हींबद्दल त्याला खोटं सांगितलं जातं.

नैनिताल आणि बायरॉइट

शब्दशः नक्कलही आधी माणसाच्याच नजरेला पडते, याची दोन उदाहरणं बोलकी आहेत.

पहिलं २००२ चं. नैनितालच्या कुमाऊँ विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू, पदार्थवैज्ञानिक बलवंतसिंह राजपूत यांनी विद्यार्थ्यासोबत एका युरोपीय नियतकालिकात कृष्णविवरांच्या सिद्धान्ताविषयी निबंध प्रसिद्ध केला. तो अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या प्राध्यापक रेनाटा कॅलॉश यांच्या १९९६ च्या निबंधावरून उतरवलेला असल्याचं उघड झालं. विद्यापीठात पहिली प्रतिक्रिया काय उमटली? तक्रार लावून धरणाऱ्या भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख प्राध्यापिकेलाच निलंबित करण्यात आलं. प्रकरण दडपलं जाण्याचीच चिन्हं होती. पण स्टॅनफर्डच्या शास्त्रज्ञांनी थेट राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना पत्र लिहिलं आणि सही करणाऱ्यांमध्ये तीन नोबेल मानकरी होते. निवृत्त न्यायमूर्तींकडे चौकशी सोपवली गेली, आरोप सिद्ध झाले आणि फेब्रुवारी २००३ मध्ये कुलगुरूंनी राजीनामा दिला.

दुसरं उदाहरण जर्मनीचं. कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग हे तिथले तेव्हाचे तरुण, लोकप्रिय संरक्षणमंत्री. बायरॉइट विद्यापीठाने त्यांना कायद्यातली डॉक्टरेट सर्वोच्च श्रेणीत दिली होती. फेब्रुवारी २०११ मध्ये ब्रेमेनचे कायद्याचे प्राध्यापक आंद्रेआस फिशर-लेस्कानो त्यांच्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला बसले. वाचताना काही उतारे ओळखीचे वाटले म्हणून त्यांनी शोध घेतला आणि उसने उतारे एकामागून एक हाती लागू लागले. बातमी फुटल्यावर शेकडो स्वयंसेवकांनी इंटरनेटवर एकत्र येऊन ४७५ पानांचा तो प्रबंध पान-पान वाटून घेतला आणि मूळ स्रोतांशी ताडून पाहिला. बहुसंख्य पानांवर उचललेला मजकूर निघाला. प्रस्तावनेची सुरुवातच एका वृत्तपत्रातल्या लेखातून घेतलेली होती. २३ फेब्रुवारीला विद्यापीठाने पदवी काढून घेतली, १ मार्चला मंत्रिपद गेलं. दोनच वर्षांनी जर्मनीच्या शिक्षणमंत्री आनेटे शावान यांनाही ३३ वर्षांपूर्वीच्या प्रबंधामुळे पदवी आणि पद दोन्ही गमवावं लागलं.

दोन्ही प्रकरणांत गुन्हा साधारण सारखाच होता. फरक पडला तो संस्थांच्या वागण्यात. एकीकडे विद्यापीठाने काही दिवसांत स्वतःच दिलेली पदवी काढून घेतली. दुसरीकडे तक्रारदाराला शिक्षा झाली आणि न्याय मिळायला परदेशातल्या नोबेल मानकऱ्यांचं पत्र लागलं. आपल्याकडचा एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी मार्गदर्शकाची लबाडी दिसूनही गप्प बसतो, तेव्हा त्याच्या मनात हाच हिशेब असतो. त्याची शिष्यवृत्ती, त्याचा प्रबंध, त्याची पुढची शिफारस सगळं त्याच एका माणसाच्या सहीवर अवलंबून असतं.

दहा, चाळीस, साठ

भारतात याविषयी स्पष्ट नियम आले ते २०१८ मध्ये. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या त्या विनियमांनी वाङ्मयचौर्याच्या पायऱ्या ठरवल्या. प्रबंधातलं साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचा. ४० ते ६० टक्के असेल तर सुधारित प्रबंध वर्षभर सादर करता येणार नाही. ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. प्राध्यापकांच्या प्रकाशित लेखनासाठी निबंध मागे घेणं, वेतनवाढ रोखणं, काही वर्षं नवे विद्यार्थी घेण्यास मनाई अशा शिक्षा आहेत. संदर्भसूची, अवतरणं, कायद्याचा मजकूर यांतलं साम्य मोजायचं नाही आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य धरायचं नाही, असंही त्यात म्हटलं आहे. पुढच्याच वर्षी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने ‘शोधशुद्धी’ उपक्रमातून विद्यापीठांना तपासणीचं सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिलं. प्रबंध ‘शोधगंगा’वर सर्वांसाठी खुले ठेवण्याची व्यवस्था त्याआधीपासून होतीच.

हे सगळं आवश्यक होतं. शोधगंगेमुळे कुणाचाही प्रबंध कुणालाही उघडून पाहता येतो, ही फार मोठी गोष्ट आहे. पण नियमातले आकडे व्यवहारात उतरले तेव्हा त्यांचं उद्दिष्टच बदललं. प्रबंधात काय म्हटलंय, यापेक्षा ‘किती टक्के आले?’ हा प्रश्न विद्यापीठांच्या आवारात जास्त ऐकू येतो. साम्य कमी करून देण्याचा व्यवसाय उभा राहिला. पैसे घेऊन शब्द फिरवून देणाऱ्यांच्या जाहिराती संशोधकांच्या मोबाइलवर येऊन पडतात. विद्यार्थी १२ टक्क्यांचे ९ करण्यासाठी रात्री जागवतो आणि त्या खटाटोपात चांगली वाक्यं वेडीवाकडी होतात. नऊ टक्क्यांतला एखादा उतारा म्हणजे दुसऱ्याच्या प्रबंधाचा गाभा असू शकतो, आणि पस्तीस टक्क्यांतला बराच मजकूर शासननिर्णयांचा, प्रमाणित प्रश्नावलीचा, ठरावीक प्रयोगपद्धतीचा असू शकतो. हा निवाडा आकडा करू शकत नाही. अहवाल उघडून प्रत्येक रंगवलेली ओळ वाचणाऱ्या माणसालाच तो करावा लागतो आणि मार्गदर्शकाकडून अपेक्षा आहे ती याच कामाची.

मोजणीचा सोस

प्रश्न फक्त व्यक्तीच्या नीतीचा असता तर सोपा होता. पण गेल्या पंधरा वर्षांत आपल्या उच्च शिक्षणाने निबंध मोजण्याची जी पद्धत अंगीकारली, तिने लबाडीला हुकमी गिऱ्हाईक मिळवून दिलं. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्यांसाठी ‘एपीआय’ नावाची गुणांकन पद्धत आली. प्रत्येक निबंधाला गुण, प्रत्येक परिसंवादाला गुण. प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे, अशी अट पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांवरही होती; ती थेट २०२२ च्या नियमांत काढली गेली. तालुक्याच्या ठिकाणी पदवीच्या वर्गांचे आठवडाभर तास घेणारा, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय जेमतेम असलेला प्राध्यापकही या शर्यतीत ओढला गेला. त्याला निबंध हवा होता, आणि पैसे भरले की आठ दिवसांत निबंध छापून देणारी नियतकालिकं तयारच होती.

ही नियतकालिकं किती आणि कशी आहेत, याचा शोध पुण्यात घेतला गेला. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी जाहीर केली होती आणि तिच्यातला एक मोठा हिस्सा विद्यापीठांनी सुचवलेल्या नावांचा होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या हिश्श्यातून नमुना निवडून १,००९ नियतकालिकं तपासली. २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. ३४.५ टक्के नियतकालिकं पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावं अशी प्राथमिक माहितीच धड देत नव्हती, म्हणून पहिल्याच चाळणीत बाद झाली. आणखी ५२.३ टक्क्यांनी चुकीचा नोंदणी क्रमांक, खोटा ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ (नियतकालिकातल्या निबंधांचा इतरत्र सरासरी किती वेळा उल्लेख होतो याचा आकडा) अशी दिशाभूल करणारी माहिती दिली होती किंवा त्यांच्या संपादकांची पात्रता संशयास्पद होती. सगळे निकष धरून ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिकं दर्जाहीन ठरली. ही नावं सुचवणारी आपलीच विद्यापीठं होती.

मे २०१८ मध्ये आयोगाने ४,३०५ नियतकालिकं यादीतून काढून टाकली. जून २०१९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या केंद्रामार्फत ‘केअर’ नावाची नवी, गाळून घेतलेली यादी आली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतिमत्तेचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ यादीही बंद केली आणि नियतकालिकं पारखण्याची जबाबदारी संस्थांवर सोपवली. म्हणजे फिरून तीच गोष्ट: यादी हाताशी नसेल तर निबंध वाचूनच ठरवावं लागेल, आणि वाचायला वेळ, तयारी आणि इच्छा लागेल.

निबंधांचे कारखाने

मोजणीचा हा सोस एकट्या भारताचा नाही. बढतीसाठी निबंध हवा असलेला डॉक्टर चीनमध्ये आहे, इराणमध्ये आहे, रशियात आहे. त्यांच्यासाठी निबंध तयार करून लेखकपदाच्या जागा विकणारे धंदे उभे राहिले. त्यांना ‘पेपर मिल’ म्हणतात. पहिल्या लेखकाची जागा महाग, चौथ्या-पाचव्याची स्वस्त. हिंदावी या प्रकाशनसंस्थेच्या नियतकालिकांत अशा निबंधांचा इतका सुळसुळाट झाला की २०२३ या एका वर्षात तिला आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले. जगभरातला त्या वर्षाचा आकडा दहा हजारांच्या पुढे गेला. मूळ कंपनी वायलीने अखेर हिंदावी हे नावच वापरातून काढून टाकलं.

हे निबंध ओळखण्याची एक वाट फारच अनपेक्षित निघाली. फ्रान्समधले गियोम काबानाक आणि सिरिल लाबे, आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर मागाझिनोव यांना संगणकशास्त्राच्या निबंधांत विचित्र शब्दप्रयोग दिसू लागले. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफीट कॉन्शसनेस’. ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बुझम पेरिल’. ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’. दुसऱ्याचा मजकूर घेऊन, साम्याच्या तपासणीतून सुटण्यासाठी शब्द आपोआप बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून काढला की पारिभाषिक संज्ञांचीही अशी मोडतोड होते. २०२१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष मांडले आणि अशा शब्दांच्या मागावर राहून हजारो संशयास्पद निबंध उजेडात आणले. स्तनांच्या कर्करोगाला ‘बुझम पेरिल’ म्हणणारा निबंध संपादकाच्या टेबलावरून गेला, परीक्षकांच्या हातांतून गेला, छापून आला. वाटेत कुणी तो वाचला असता तर पहिल्याच पानावर थांबला असता.

छायाचित्रांचंही तसंच. एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी जीववैद्यकाच्या ४० नियतकालिकांतले २०,६२१ निबंध स्वतःच्या डोळ्यांनी तपासले. एकच छायाचित्र फिरवून, उलटं करून, कातरून वेगळा प्रयोग म्हणून छापलेलं आहे का, हे त्या पाहत होत्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार ३.८ टक्के निबंधांतली छायाचित्रं आक्षेपार्ह होती आणि त्यांतल्या निम्म्या ठिकाणी तरी ती हेतुपूर्वक बदललेली असावीत, अशी लक्षणं होती. औषधांच्या चाचण्यांचा पाया असलेल्या शास्त्रात हे घडत आहे, हे ध्यानात घेतलं की या प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. खोट्या निबंधाची किंमत अखेर रुग्णही मोजतो.

त्यात आता मागाल तसा मजकूर लिहून देणारी यंत्रं आली. त्यांचं वाक्य कुठूनही जसंच्या तसं उचललेलं नसतं, म्हणून साम्याच्या अहवालात ते सहसा येत नाही. कधी कधी ही यंत्रं अस्तित्वातच नसलेल्या पुस्तकांचे आणि निबंधांचे संदर्भ देतात, लेखकाच्या नावासह, वर्षासह. यावर तूर्त खात्रीचा उपाय एकच आहे: दिलेला प्रत्येक संदर्भ ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर उघडून पाहणं, आणि विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या प्रबंधाविषयी बोलतं करणं.

चूक कबूल करण्याची रीत

प्रामाणिकपणा म्हणजे कधीच न चुकणं, असा अर्थ घेतला तर संशोधन थांबेल. प्रयोग फसतात, नोंदी हरवतात, घाईत एखादा आकडा चुकतो. २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या फ्रान्सिस अरनॉल्ड यांच्या गटाचा २०१९ मधला ‘सायन्स’मधला निबंध पुन्हा पडताळून पाहताना त्याचे निष्कर्ष मिळेनात, आणि प्रयोगवहीत काही नोंदी नसल्याचं आढळलं. अरनॉल्ड यांनी जानेवारी २०२० मध्ये तो मागे घेतला. निबंध पाठवताना आपण दुसऱ्या कामांत गुंतलो होतो आणि आपलं काम नीट केलं नाही, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं आणि सर्वांची माफी मागितली. त्यांच्या प्रतिष्ठेला त्यामुळे धक्का लागला नाही, उलट त्यांच्याविषयीचा आदर वाढला.

आपल्याकडे निबंध मागे घेणं म्हणजे नाक कापलं जाणं असं मानलं जातं, म्हणून चूक दिसली तरी ती झाकण्याकडे कल असतो. दिल्लीत ए. एस. पेंटल यांच्यासारख्या ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी ऐंशीच्या दशकात ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ स्थापन केली, तीही यासाठीच की वैज्ञानिक गैरव्यवहाराच्या तक्रारी ऐकून घेणारं आणि त्यांची शहानिशा करणारं कुणीतरी असावं. तिच्याकडे कायद्याने दिलेला कोणताही अधिकार नव्हता. तरी ती तक्रारी तपासत राहिली, निष्कर्ष प्रसिद्ध करत राहिली. पण असं काम स्वयंसेवेवर सोडून चालणार नाही. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला संरक्षण, ठरलेल्या मुदतीत पूर्ण होणारी चौकशी आणि तिचा जाहीर अहवाल, एवढं प्रत्येक विद्यापीठाने बांधून घेतलं पाहिजे.

बाकीचं काम रोजचं आहे. मार्गदर्शकाने विद्यार्थ्याच्या प्रश्नावल्या, प्रयोगवह्या, मुलाखतींच्या नोंदी अधूनमधून मागवून पाहाव्यात. विद्यार्थ्याने टिपण काढतानाच कोणतं वाक्य दुसऱ्याचं आणि कोणतं आपलं, याची खूण करावी आणि पृष्ठक्रमांक तिथल्या तिथे लिहावा, कारण सहा महिन्यांनी ते आठवत नाही. ज्याने काम केलं नाही त्याचं नाव लेखकांत घालायला प्रत्येकाने नकार द्यावा. त्यात वरिष्ठांनी पुढाकार घ्यावा, कारण कनिष्ठाला तो परवडत नाही. आणि जे कुणी पुढच्या वेळी प्राध्यापकांच्या निवड समितीवर बसतील, त्यांनी निबंधांची यादी बाजूला ठेवून उमेदवाराचे दोनच निबंध आधी मागवून घ्यावेत, घरी नेऊन वाचावेत आणि मुलाखतीत त्याला विचारावं: ही माहिती तुम्ही कुठे आणि कशी गोळा केली?